बाळ पेटीत, बाळंतीण दवाखान्यात

प्रश्न : माझ्या सुनेची प्रसूती एकतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रियेने झाली. नातवाचे जन्मवजन १४०० ग्रॅम असल्याने तो बारा दिवसांपासून नवजात अतिदक्षता विभागात पेटीत आहे. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडू नये, ही आमच्या घरची रीत. तरीही ती रोज रुग्णालयात जाते, अळिवाची खीर तशीच ठेवते आणि कोणाशी बोलत नाही. तिला कसे समजवावे?
– एक सासू, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या काळजीत माया आहे, परंतु सव्वा महिन्याच्या रीतीत बाळ आईच्या कुशीत आहे, हे गृहीतच धरलेले असते. येथे ते कुशीत नाही, म्हणून बाळंतपणच सुनेच्या मागोमाग रुग्णालयात न्यावे, असे मला वाटते. जाण्यायेण्यास स्कूटरऐवजी मोटार, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, आणि घरी राहिलेली ती खीर डब्यातून गरम गरम. ताप आला, टाक्यांतून स्राव दिसला किंवा रक्तस्राव वाढला, तर मात्र त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना दाखवावे.

साधारण चौतिसाव्या आठवड्यापूर्वी बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ नीट साधत नाही, म्हणून त्याला नळीने दूध देतात. पण बाळ अंगावर पीत नसल्यामुळे पान्हा टिकवण्यासाठी आईला दिवसरात्रीतून आठ ते दहा वेळा, त्यातही रात्री किमान एकदा, हाताने किंवा पंपाने दूध काढावे लागते. वाटीच्या तळाशी चमचाभरच जमले, तरी ‘तुला दूधच नाही’ हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये, कारण एवढ्या लहान बाळाला सुरुवातीला एका वेळेस काही मिलिलिटरच लागते. रात्री दोनचा गजर लावणे आणि वाटी-पंप उकळून ठेवणे ही कामे आपण वाटून घ्यावीत. (आपल्या चिरंजीवांनीही घ्यावीत, त्यासाठी बाळंतीण असण्याची अट नाही.)

देवास-पुण्याहून रोज संध्याकाळी येणारे ‘आज वजन किती?’ हे फोन आपणच घ्यावेत. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन घटते आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाला जन्मवजन पुन्हा गाठायला दोन आठवडेही लागू शकतात. हा हिशेब बाळंतिणीने नातलगांना देत बसू नये.

तिच्या अबोल्याकडे मात्र लक्ष असू द्यावे. प्रसूतीनंतर काही दिवस रडू येणे साहजिक आहे. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी टिकली किंवा निवांत वेळ मिळूनही झोप लागेना, तर डॉक्टरांशी बोलावे. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या) क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर एक दिवसही थांबू नये.

कांगारू पद्धतीविषयीही डॉक्टरांना विचारावे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस, पेट्या अपुऱ्या पडत असताना, बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ही पद्धत सुरू झाली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितकी जमेल तितकी, करण्याची शिफारस केली. त्यासाठी छाती आईचीच हवी असे नाही. ती जेवायला गेली की परिचारिकेला विचारून, हात स्वच्छ धुऊन आणि पुढून उघडणारा ब्लाउज घालून आपणही त्या खुर्चीत बसावे.