मैदानावरचे प्रश्न : लेकीला अमेरिकेत पळायला पाठवू का?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, ५,००० मीटर पळते. अमेरिकेत खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकायचं म्हणते. पण तिकडच्या कॉलेजांचे गट मोडले असं ऐकलं. पाठवावं का?
– एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, ऐकलंत ते खरं आहे. तिकडे कॉलेजं गट करून खेळतात. २०२४मध्ये पश्चिमेकडचा पॅक-१२ हा जुना गट फुटला. टीव्हीच्या पैशासाठी दहा कॉलेजं बाहेर पडली. मागे उरली ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पैसा सगळा अमेरिकन फुटबॉलचा, पण फरफट सगळ्यांची. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या गटात आहे. तिथून बॉस्टन ४,००० किलोमीटरहून लांब. खेळून परतायचं आणि सकाळी वर्गात बसायचं! त्यात २०२५पासून मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, संघातल्या जागाही मर्यादित झाल्या. कात्री लागते ती पोहणं, टेनिस, धावणं यांना.

माझ्याकडची पेठ तालुक्यातली एक पोरगी अशीच निवडली गेली होती. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे पाचला हजर, बुटाचा तळ सुतळीने बांधलेला. व्हिसाची तयारी चालू असतानाच मेल आला, संघ बंद. दोन दिवस ती ट्रॅकवर आली नाही. मला अजून ते लागतं.

म्हणून कोचकडून लेखी घ्या : शिष्यवृत्ती किती वर्षांची, संघ बंद पडला तर फी कोण भरणार. आणि डिव्हिजन तीनच्या, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळातल्या तिसऱ्या स्तराच्या कॉलेजांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. एजंट काहीही सांगो.