टिक नेमकी कुठल्या चौकटीत?

न्यू जर्सीहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. वय २६. २००६ साली, सहा वर्षांचे असताना, आईवडिलांबरोबर एच-४ वर (एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा आणि एकविशीच्या आतल्या मुलांचा व्हिसा) अमेरिकेत आले. शाळा इथे, कॉलेज इथे. वडिलांच्या ग्रीन कार्डचा नंबर काही लागला नाही. २०२१ मध्ये वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली, एच-४ गेला, आणि विद्यार्थी व्हिसाचा अर्ज वेळेत झाला नाही. तेव्हापासून स्टेटस, म्हणजे इथे राहण्याचा कायदेशीर आधार, नाही. कम्प्युटर सायन्सची पदवी आहे आणि येत्या मंगळवारी एका कंपनीत मुलाखत आहे. विचारतात: मालकाला खरं सांगू का, आणि सांगायचं तर कधी? अर्जात, मुलाखतीत, की ऑफर हातात पडल्यावर?

असं पत्र महिन्याला एखादं तरी येतंच. गावं बदलतात, डिग्र्या बदलतात, ‘कधी सांगू’ मात्र तेच. परवान्याशिवाय नोकरी करणं बेकायदा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. तुमचं खरं प्रकरण तिसऱ्या पानाच्या तळाशी आहे, तेही कंसात: ‘(कॉलेज संपताना ओळखीच्या काकांच्या मोटेलमध्ये वर्षभर डेस्कवर बसायचो. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला होता. बहुतेक सिटिझनवर टिक होती, पण ती काकांनीच केली, मी फक्त सही केली.)’ आणि शेवटी ताजा कलम: मैत्रीण अमेरिकन नागरिक आहे, पुढच्या वर्षी लग्नाचा विचार आहे.

मुलाखतीत काय बोलावं यावर अडीच पानं, आणि ज्या कागदावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून आहे त्यावर कंसातली तीन वाक्यं. त्यातही ‘बहुतेक’!

तो फॉर्म म्हणजे आय-९. १९८६ च्या कायद्यापासून इथल्या प्रत्येक मालकाला प्रत्येक नव्या नोकरदाराकडून तो भरून घ्यावा लागतो. पहिला भाग नोकरदाराचा, कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा मालकाचा, कागदपत्रं पाहून कामाच्या तीन दिवसांच्या आत. पहिल्या भागात चार चौकटी असतात: अमेरिकेचा नागरिक, नागरिक नसलेला पण ‘नॅशनल’ (अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांसारखा), ग्रीन कार्डधारक, आणि काम करण्याची परवानगी असलेला परदेशी. २००९ पूर्वी ‘नागरिक किंवा नॅशनल’ अशी एकच चौकट होती. त्या संदिग्धतेचा आधार घेऊन जुन्या फॉर्मांवर वकिलांना निदान वाद तरी घालता यायचा. तुमचा फॉर्म २०२१ नंतरचा, म्हणजे ती पळवाट तुम्हाला नाही. आणि सहीच्या वर लिहिलेलं असतं की खोटं निघाल्यास शिक्षा होऊ शकते. काकांनी ते वाचून दाखवलं नसणार, आणि तुम्हीही वाचलं नसणार.

आता तुमच्या बाबतीत कायदा कुठे किती कडक आहे ते पाहा. तुम्ही रीतसर व्हिसावर, विमानतळावर तपासणी होऊन देशात आलात. त्यामुळे अमेरिकन नागरिकाशी खरंखुरं लग्न झालं तर इथेच राहून ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर राहिलात, त्याकडे नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत काणाडोळा होतो. परवान्याशिवाय काम केलंत, त्याकडेही होतो. कागदपत्रांत एखादी खोटी माहिती दिलेली निघाली, तरी जोडीदाराला किंवा आईवडिलांना विलक्षण हाल सोसावे लागतील असं दाखवून माफी मागण्याची सोय काही जणांना असते. पण ३० सप्टेंबर १९९६ पासून कायद्यात एक कलम आहे. इमिग्रेशन कायद्याखालच्या किंवा कुठल्याही केंद्रीय वा राज्य कायद्याखालच्या कुठल्याही हेतूसाठी किंवा लाभासाठी ‘मी अमेरिकन नागरिक आहे’ असा खोटा दावा केला, तर तो माणूस कायमचा अपात्र ठरतो. आय-९ ज्या कलमातून आला त्या कलमाचा तर तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. ग्रीन कार्डासाठी या अपात्रतेला माफी नाही. दहा वर्षांनी नाही, मुलं झाल्यावर नाही, बायको आजारी असली तरी नाही. एक अपवाद आहे तो आईवडील दोघंही नागरिक असलेल्यांसाठी. तुमचे नाहीत.

‘पण नोकरी तर खासगी मोटेलात होती, सरकारला कुठे काय सांगितलं?’ हा बचाव पूर्वी घेऊन झाला आहे. २००७-०८ च्या सुमारास पाचव्या, आठव्या आणि दहाव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयांनी तो फेटाळला. ‘टिक काकांनी केली, मला कळलं नाही’ हाही लंगडाच. २०१९ मध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने निकाल दिला की हद्दपारीच्या कलमाखाली दावा जाणूनबुजून केला होता हे सिद्ध करण्याची गरज नाही. अपात्रतेच्या बाबतीतही इमिग्रेशन खात्याने पुढे तीच री ओढली. वयाने मोठ्या, ओळखीच्या माणसाने पुढ्यात कागद सरकवला आणि तुम्ही सही केलीत, हे मी माणूस म्हणून समजू शकते. फाइल तपासणारा अधिकारी सही पाहतो.

म्हणून ‘बहुतेक’ चालणार नाही. टिक पहिल्या चौकटीत असेल तर लग्नाचा रस्ता जवळपास बंद. चौथ्या चौकटीत, म्हणजे ‘परवानगी असलेला परदेशी’ इथे असेल, तर तेही खोटंच आहे, पण नागरिकत्वाचा दावा नाही. तिथे झगडता येतं. एकही चौकट भरली नसेल (छोट्या मोटेलांच्या फायलीत असे अर्धवट फॉर्म मी पुष्कळ पाहिले आहेत) तर गोष्टच निराळी. एका टिकेच्या जागेवरून एवढा फरक पडावा हे मलाही पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

हा फॉर्म सरकारकडे जात नाही. तो मालकाच्या फाइलमध्ये राहतो. नोकरी लागल्यापासून तीन वर्षं किंवा सोडल्यापासून एक वर्ष, यातलं जे उशिरा येईल तोवर तो जपून ठेवणं मालकाला बंधनकारक असतं. तपासणीची नोटीस आली तर साधारण तीन दिवसांत दाखवावा लागतो. तुमच्या बाबतीत ती मुदत संपली असण्याची शक्यता आहे. आता तुमच्या डोक्यात काय येईल ते मी ओळखून आहे: काकांना फोन करून ‘तो कागद फाडून टाका’ म्हणावं, किंवा नवा फॉर्म मागची तारीख घालून भरावा. दोन्हीतलं काहीही करू नका. मागची तारीख हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि कागद फाडून उपयोग शून्य, कारण ग्रीन कार्डच्या अर्जात तुम्हाला सरळ विचारतात की तुम्ही कधी नागरिक असल्याचा खोटा दावा केला आहे का. मुलाखतीत शपथेवर पुन्हा विचारतात. तिथे ‘नाही’ म्हणालात की जुन्या चुकीवर नवी चढली. काकांशी जे बोलायचं ते तुमचा वकील बोलेल. मालकाने फॉर्मची प्रत तुम्हाला द्यावीच असं केंद्रीय कायद्यात बंधन नाही, तेव्हा बोलणं गोडीगुलाबीनेच करावं लागेल.

खोटा दावा आपणहून, वेळेत मागे घेतला तर तो केलाच नाही असं धरण्याची एक तरतूद खात्याच्या धोरणात आहे. पण ‘वेळेत’ म्हणजे कुणी पकडण्याआधी, विचारण्याआधी. वर्षानुवर्षं मोटेलच्या कपाटात पडलेल्या फॉर्मला ती कितपत लागू पडेल याची हमी मी देत नाही, आणि देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

आता मालकाला सांगण्याबद्दल. स्वतःचा इमिग्रेशन स्टेटस आपणहून जाहीर करावा असं कुठलाच कायदा अर्जदाराला सांगत नाही. ‘तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे का? आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?’ हे मालक विचारू शकतो आणि बहुतेक विचारतातच. पहिल्याचं खरं उत्तर तुमच्या बाबतीत ‘नाही’ आहे. ते दिलंत की मालकाला माहिती झाली, आणि माहिती असून नोकरी दिली तर तो स्वतः कायद्यात सापडतो. सज्जन मालकही मग दार लावून घेईल. त्याने नाकारलं म्हणून भेदभावाची तक्रार करता येईल का? नागरिकत्वाच्या आधारावरचा भेदभाव रोखणारं कलम नागरिक, नॅशनल, बहुतेक ग्रीन कार्डधारक, निर्वासित आणि आश्रय मिळालेले यांच्यासाठी आहे. तुम्ही त्यात बसत नाही.

थोडक्यात, खरं सांगून नोकरी मिळत नाही, आणि खोटं सांगून जी मिळते ती ग्रीन कार्डावर बेतू शकते. मुलाखतीत गप्पांच्या ओघात ‘यू आर अ सिटिझन, राइट?’ असं विचारलं आणि तुम्ही मान डोलावलीत, तरी तो दावाच आहे. असा प्रश्न आला तर अर्ज मागे घ्या आणि बाहेर पडा.

‘कंपनी चांगली आहे, स्पॉन्सर करेल,’ असंही लिहिलं आहे तुम्ही. इतकी वर्षं स्टेटसबाहेर राहिलेल्याला इथल्या इथे एच-१बी वर आणता येत नाही. व्हिसा घ्यायला देशाबाहेर जावं लागेल, आणि बाहेर पाऊल टाकलंत की एक वर्षाहून अधिक बेकायदा वास्तव्याबद्दलची दहा वर्षांची बंदी लागू होते. तात्पुरत्या व्हिसासाठी त्यावर माफी मागण्याची सोय आहे, पदवीधरांसाठी ती थोडी सोपीही झाली होती. पण सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी वर एक लाख डॉलरची रक्कम लावली. नवशिक्या प्रोग्रामरसाठी कुठली कंपनी एवढे मोजेल? ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणून कामाचं म्हणाल, तर कंत्राटदाराला आय-९ लागत नाही हे खरं, पण परवान्याशिवाय काम ते कामच. आणि हो, पुण्यात मावसभावाच्या लग्नाला जायचं लिहिलंत. नाही. बंदी कुठल्या तारखेपासून मोजायची हे तुमच्या आय-९४ वर (देशात आल्याची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) ठरेल, पण तो कागद वकिलाने पाहिल्याशिवाय विमानात बसायचं नाही.

वडिलांवर तुम्ही चिडला आहात, आणि त्यात चूक नाही. एकविसावा वाढदिवस काही अचानक उगवत नाही. त्याआधी एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज टाकायला वर्षभर होतं. भारतीयांची रांग दशकांची झाली हे धोरणाचं पाप, पण ‘होईल काहीतरी’ म्हणत बसणं हे घरातलं. गंमत अशी की तुमच्या वयाचे, ज्यांच्याकडे काहीच कागद नव्हते, त्यांच्यातल्या पुष्कळांना २०१२ च्या डाका योजनेत (लहानपणी आणलेल्या, स्टेटस नसलेल्यांसाठीच्या) वर्क परमिट मिळालं. तुम्हाला नाही, कारण १५ जून २०१२ या दिवशी तुमचा स्टेटस शाबूत होता! वडिलांच्या अर्जाच्या तारखा मात्र मागवून घ्या. ग्रीन कार्डासाठी मुलांचं वय गोठवणारा २००२ चा कायदा काही घरांत अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. तुमच्या घरात पडेल असं मी म्हणत नाही.

वकील गाठायचा तो लग्नाच्या आधी, अर्जाच्या आधी. हल्ली घाईने अर्ज टाकणं महागात पडतं. फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेनुसार, स्टेटस नसलेल्याचा अर्ज नामंजूर झाला की खातं सहसा थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस काढतं. त्या कोर्टांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत. तिथे एकदा नाव लागलं की सुनावणी कधी होईल ते न्यायाधीशालाही सांगता येत नाही, आणि तोवर तुम्ही टांगलेले. टिक योग्य जागी निघाली आणि लग्न झालं, तर ग्रीन कार्डच्या अर्जाबरोबरच वर्क परमिटचा अर्ज जातो. परमिट हातात आलं की मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, छाती पुढे काढून.

वकील म्हणजे बारचा परवाना असलेला. देवळाबाहेर टेबल टाकून फॉर्म भरणारा ‘कन्सल्टंट’ नव्हे. वकिलाशी बोललेलं गुपित राहतं, कन्सल्टंटशी आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोललेलं राहत नाही. मैत्रिणीलाही या फॉर्मचं आजच सांगा. अर्जावर तिची सही लागणार आहे, आणि काकांचं मोटेल तिला पहिल्यांदा अधिकाऱ्याच्या तोंडून कळायला नको.

मंगळवारच्या मुलाखतीला येत नाही असं एका ओळीत कळवून टाका. कारण लिहू नका.