अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संस्था कधी सुरू झाली?

१९६३ साली. नाव इन्फेक्शस डिसीजेस सोसायटी ऑफ अमेरिका, पहिले अध्यक्ष मॅक्सवेल फिनलंड. अँटिबायोटिक्सचा वापर वाढला की जंतू त्यांना दाद देईनासे होतात, हे या माणसाने फार आधी ओळखलं होतं.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा काळ. १९७८ मध्ये रॉबर्ट पीटर्सडॉर्फ यांनी लिहिलं, या विषयात आणखी ३०९ तज्ज्ञांची गरजच दिसत नाही. ते स्वतः याच क्षेत्रातले दिग्गज! तीनच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. तो एड्स होता. मग हेच तज्ज्ञ रुग्णांच्या खाटेशी रात्रंदिवस उभे राहिले. पुढे २००० साली संस्थेने एचआयव्हीवर काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळी शाखाही काढली.