दुखणं राजाचं, औषध कुणाच्या जिवावर?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर जो निकाल देऊन मोकळी झालीस, म्हणजे फारसी महाकाव्यात नियती आणि इंग्रजी शोकांतिकेत स्वभाव, तो आधी खोडून टाक. अशी वाटणी परीक्षेत खपून जाते. फिरदौसीच्या फारसी 'शाहनामा'तल्या झहाक राजाच्या खांद्यांवर साप उगवले ते इब्लिसने, म्हणजे सैतानाने, तिथे ओठ टेकवले म्हणून, हे खरं. पण त्याआधी बापाला खड्ड्यात पाडायच्या बेताला झहाकनेच मान डोलावली होती. आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथचं सगळं स्वभावावर ढकललंस, तर माळावरच्या त्या तीन चेटकिणींचं काय करणार?

'शाहनामा' 1010च्या सुमारास पुरा झाला, 'मॅकबेथ' 1606च्या आसपासचं. कुणाचा कुणावर प्रभाव, हे शोधत बसू नकोस. दहा रूपकांची यादीही नको. एकच जोडी घे: झहाकचे साप आणि मॅकबेथचे विंचू. आपलं मन विंचवांनी भरलंय, असं मॅकबेथ तिसऱ्या अंकात बायकोला सांगतो. साप उघड्यावर आहेत, विंचू नवराबायकोपुरते. इथवर कुणीही येईल. तू पुढे जा आणि दोन्हीकडचा वैद्य शोध.

फिरदौसीकडे वैद्य म्हणजे पुन्हा इब्लिसच. आधी तो आचारी होऊन आला होता. पहिल्यांदा अंड्याचा बलक, मग पाखरांचं मांस, असं करत करत त्याने राजाला चटक लावली. साप कापले तरी पुन्हा फुटतात म्हटल्यावर तोच वैद्याच्या वेषात हजर होतो आणि सांगतो, यांना माणसाचा मेंदू खाऊ घाल. रोज दोन तरुण. आता रूपकाला मुदपाकखाना आला, आणि फिरदौसी आपल्याला थेट आत नेतो. अर्मायेल आणि गर्मायेल हे दोन सज्जन मुद्दाम आचारी बनून तिथे शिरतात. एकाच्या मेंदूत मेंढराचा मेंदू मिसळतात आणि दुसऱ्याला गुपचूप पळवून लावतात. दोघांतला एक. या हिशेबापाशी थांब, लगेच झहाकविरुद्ध बंड करणाऱ्या कावा लोहाराच्या झेंड्याकडे धावू नकोस. रोज एक वाचतो म्हणजे रोज एक त्यांच्या डोळ्यांदेखत मरतो. फिरदौसी त्यांना भलेच म्हणतो, पण त्यांच्या काळजातली कळ झाकत नाही. (कावा लोहाराने झेंडा केलेलं चामडं सगळ्यांना पाठ असतं. झहाकच्या न्यायीपणाची ग्वाही देणारा, सरदारांनी सह्या ठोकलेला कागद त्याने फाडला, ते मला जास्त मोलाचं वाटतं.)

शेक्सपिअरचा वैद्य साधा, घाबरट आणि प्रामाणिक. रोगी मनावर इलाज नाही का, असं मॅकबेथ बायकोसाठी विचारतो. वैद्य म्हणतो, तिथे रोग्यानेच स्वतःवर उपचार करायचे. मॅकबेथ चिडतो, तुझं औषध कुत्र्यांना घाल म्हणतो, आणि त्याच दमात देशाचं मूत्र तपासून रोग सांग, असंही म्हणतो! देशाचा रोग आपणच आहोत हे त्याच्या गावीही नाही. वैद्य मनाशी पुटपुटतो की इथून एकदा सुटलो तर पैशासाठीसुद्धा परत फिरकणार नाही.

म्हणजे एक वैद्य राजाला बरं वाटावं म्हणून गावची पोरं लिहून देतो, दुसरा काहीच लिहून देत नाही. तुझा प्रबंध या फटीतून आत शिरू दे. मात्र शेक्सपिअरला परक्याच्या पोरांचं काही नव्हतं असं लिहिलंस, तर मॅकबेथची माणसं मॅकडफ सरदाराची पोरं मारतात तो प्रवेश तुला खोटं पाडेल.

आणखी एक. 'शाहनामा'तल्या रुस्तुमच्या मुलावरचा, सोहराबवरचा, तुझा मजकूर मॅथ्यू अर्नॉल्डच्या 1853च्या कवितेवरून उतरलेला दिसतो. कविता सुंदर आहे, पण तिच्यात नोशदारू नाही. फिरदौसीकडे रुस्तुम नकळत आपल्याच हातून घायाळ झालेल्या मुलासाठी कैकावूस राजाकडे ते औषध मागायला माणूस पाठवतो. राजाकडे औषध असतं, तरी तो देत नाही, कारण पोरगा जगला तर बापाचं बळ वाढेल आणि ते आपल्याला जड जाईल. हा भाग वाच आणि मगच पुढचा मसुदा पाठव.