किती तास, किती सुट्ट्या आणि गणपतीला घरी कोण?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मी नोकरीबद्दलची आहेत आणि गंमत म्हणजे पगारापेक्षा तास आणि सुट्ट्या यांवरच सगळ्यांचा जीव अडकलाय. मला ते फार बरं वाटलं, कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या लोट्याच्या एमआयडीसीत मी १२ वर्षं पर्सोनेल डिपार्टमेंटला काढली तिथे मुलं इंटरव्ह्यूला हे विचारायला घाबरायची.

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या गावातला, वय २५, बीएस्सी केमिस्ट्री झालोय. तीन ठिकाणी काम होतंय. लोट्याला केमिकल कंपनीत २२ हजार, शिफ्ट ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी, कंपनीची बस. अंधेरीला लॅबमध्ये ३० हजार, पाच दिवसांचा आठवडा, पण राहणार डोंबिवलीला मित्रांच्या रूमवर. आणि इथेच नाक्यावर पतपेढीत क्लार्क, १४ हजार, दहा ते सहा. घरातले म्हणतात मुंबई घे, मित्र म्हणतात लोटे नको, आई काहीच बोलत नाही. खरं काय परवडतं?

उत्तर : आधी एक वही घे आणि तास मोज, पण ऑफर लेटरमधले नाही. घरातून चप्पल घालून निघालास तेव्हापासून परत दारात चप्पल काढेपर्यंतचे सगळे तास कंपनीचेच धर, कारण त्या वेळात तू दुसरं काहीच करू शकत नाहीस.

लोट्याला शिफ्ट ८ तासांची, बसची वाट बघणं आणि जाणं-येणं मिळून अजून २, म्हणजे दिवसाला १० आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर २६० तास, २२ हजाराला भागलं की तासाला साधारण ८५ रुपये पडतात. अंधेरीला ड्युटी ९ तासांची, डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो, मग शेअर रिक्षा, सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड तास कुठे गेला नाही, म्हणजे दिवसाचे १२ आणि २२ दिवसांचे २६४ तास. तीस हजारातून रूमचा वाटा ६ हजार, मेस साडेचार, पास-रिक्षा-मेट्रो दोन-एक हजार काढ, शिवाय महिन्यातून एकदा घरी येणार ते वेगळंच, तर हातात साडेसतरा हजार राहतील, तासाला ६६ रुपये. पतपेढी बाइकवर पंधरा मिनिटं, दिवसाचे साडेआठ तास, दुसरा-चौथा शनिवार सुट्टी असेल तर महिन्याचे २४ दिवस, २०४ तास, तासाला ६८-६९ रुपये. म्हणजे नाक्यावरची १४ हजारांची पतपेढी मुंबईच्या ३० हजारांच्या बरोबरीला येऊन बसते. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तू तुझे घाल, पण घाल नक्की.

आता सुट्ट्या. कारखान्यात २० दिवस काम केलं की १ पगारी सुट्टी हा हिशेब जुन्या फॅक्टरी कायद्यापासून आहे, पूर्वी त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागायचे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये ती अट १८० दिवसांवर आली. म्हणजे वर्षाला अशा १४-१५ पगारी सुट्ट्या (पीएल) धर, बाकी किरकोळ रजा (सीएल), सणाच्या सुट्ट्या कंपनी-कंपनीवर. पण किती यापेक्षा कधी मिळतात ते विचार, इथे मी जरा जोर देऊन सांगतोय कारण माझं स्वतःचं पोळलंय. माझ्या पहिल्या नोकरीत कागदावर २१ सुट्ट्या होत्या आणि ३ वर्षांत गणपतीला एकही पास झाली नाही, दरवर्षी उत्तर तेच, सगळे कोकणातले आहेत, सगळ्यांना सोडलं तर प्लांट कोण चालवणार. वडिलांनी तीनही वर्षं एकट्याने मखर बांधलं. तिसऱ्या वर्षी फोनवर म्हणाले, अरे यंदा वरची पट्टी पोचली नाही हाताला, शेजारच्याला बोलावलं. त्या २१ सुट्ट्यांतल्या उरलेल्या मी फेब्रुवारीत घेऊन घरात झोपून काढल्या.

म्हणून लोट्याच्या एचआरला विचार की चतुर्थीला शिफ्ट कशा लावता. चांगल्या कंपन्यांत रोटेशन असतं, यंदा ज्याला गणपती मिळाला त्याला पुढच्या वर्षी शिमगा, आणि घाटावरची माणसं त्या पाच दिवसांत डबल शिफ्ट करून दिवाळीला जातात. हे रजिस्टरमध्ये लिहून चालतं की सुपरवायझरच्या मर्जीवर, एवढं आत काम करणाऱ्या कुणालाही विचारलंस तरी कळेल.

बाकीचं पटापट सांगतो. २२ हजार इन हँड की सीटीसी (तुझ्यावरचा कंपनीचा एकूण खर्च) ते विचार, कारण सीटीसीत कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केसुद्धा धरतात आणि मग हातात भलतंच कमी येतं. ग्रॉस २१ हजारांच्या वर असेल तर तू ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) बसत नाहीस, म्हणून कंपनीचा मेडिक्लेम आहे का आणि त्यात आईवडील घेतात का हे केमिकलमध्ये जाणाऱ्याने विचारलंच पाहिजे. ओव्हरटाइम कायद्याने डबल रेटने असतो, काही ठिकाणी त्याऐवजी कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) देतात आणि तो कधी मिळतच नाही. सगळ्यात महत्त्वाचं, कंपनीच्या रोलवर घेतायत की कॉन्ट्रॅक्टरच्या. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस त्याच प्लांटमध्ये त्याच शिफ्टला उभा असतो पण कॅन्टीनचा दर वेगळा, बसमध्ये जागा उरली तर, आणि सुट्टी म्हणजे खाडा. अपॉइंटमेंट लेटर आता प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघ.

रोलवर असेल तर मी लोटे घेईन. थर्ड शिफ्टने पहिले सहा महिने झोपेची वाट लागते हे खरंय, पण अनुभव केमिस्ट्रीतला मिळतो, घरचं जेवण मिळतं, आणि तीन वर्षांनी मुंबईला गेलास तर ३० हजारांपेक्षा जास्त मागूनच जाशील. कॉन्ट्रॅक्टवर असेल तर पतपेढी आणि सोबत एमएस्सीचा अभ्यास. आणि आईला एकदा विचार, ती बोलत नाही याचा अर्थ तिला काही वाटत नाही असा नसतो.

प्रश्न : आमचो झील मर्चंट नेव्हीत लागलो, बोटीर गेलो तां घरात मोठी खुशी झाली. पण गणपतीक तेका सुट्टी गावतली काय? तकडे किती तास राबवतत तां पण सांगा. (एक आई, देवगड)

उत्तर : आई, मुलाला गणपतीला सुट्टी मिळेल असं मी खोटं सांगणार नाही. बोटीवर सणाची सुट्टी नसते, कॉन्ट्रॅक्ट असतं, ते सहा महिन्यांचं असो नाहीतर नऊ, तेवढं झालं की साइन-ऑफ होऊन घरी यायचं. तारखा जुळल्या तर एखादा गणपती मिळतो, बऱ्याचदा नाही.

तासांचं मात्र नीट ठरलेलं आहे. जगभरच्या खलाशांसाठी एमएलसी २००६ नावाचा करार आहे, भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केलाय. त्यात २४ तासांत कमीत कमी १० तास आणि आठवड्यात कमीत कमी ७७ तास विश्रांती द्यावीच लागते, ती दोनच्या वर तुकड्यांत तोडता येत नाही आणि एक तुकडा तरी सलग ६ तासांचा पाहिजे. आपल्या कारखान्याच्या ४८ तासांच्या मानाने काम खूपच जास्त आहे, रविवार नाही, पण जेवण-राहणं कंपनीचं, औषधपाणी कंपनीचं, आणि परत घरी आणायचा खर्चही कंपनीचा. दर महिन्याच्या कामाला कमीत कमी अडीच दिवस पगारी सुट्टी जमा होते, नऊ महिन्यांना साडेबावीस दिवस. घरी मात्र त्याहून बरेच जास्त दिवस असतो, त्यातले उरलेले बहुतेक बिनपगारी, तेव्हा पहिल्या पगारावर मोठं कर्ज काढू देऊ नका.

एक गोष्ट लगेच तपासा. ज्या एजंटाने लावलं त्याच्याकडे डीजी शिपिंगचं (केंद्राच्या जहाज खात्याचं) आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, आहे का. आपल्या भागातून लाखांनी पैसे घेऊन पोरांना कुठल्यातरी भंगार बोटीवर सोडणारे आहेत, तिथे हे नियम फक्त भिंतीवर लावलेले असतात. आणि झीलाला सांगा, विश्रांतीच्या तासांच्या शीटवर न बघता सही करायची नाही.

प्रश्न : सरकारी नोकरीतच खऱ्या सुट्ट्या असतात असं क्लासमध्ये सगळे म्हणतात. बँक बरी की मंत्रालयाची परीक्षा? (गुहागर)

उत्तर : राज्य सरकारी ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पावणेदहा ते सव्वासहा. वर्षाला ८ किरकोळ रजा, ३० अर्जित, २० अर्धपगारी, आणि अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते. बँकेत २०१५ पासून दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, बाकी शनिवार पूर्ण दिवस, आणि संध्याकाळचं काही खरं नसतं. सुट्ट्यांच्या बाबतीत सरकारी ऑफिस पुढे आहेच.

पण सरकारी म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. पोलीस, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर यांना पाच दिवसांचा आठवडा नाही, आणि महामंडळाच्या एसटीतले ड्रायव्हर-कंडक्टर तर गणपतीला आपल्याला गावी आणतात आणि स्वतःच्या घरची आरती फोनवर ऐकतात. जाहिरातीत पदाचं नाव बघून मग ठरवा. आणि बदली कुठे होऊ शकते तेही वाचा, बँकेत तर राज्याबाहेरही जावं लागतं.

प्रश्न : मी कणकवलीत कपड्याच्या दुकानात आहे, आम्ही चौघीजणी. सकाळी १० ते रात्री ९, जेवायला एक तास. पगार ९ हजार. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत आठवड्याची सुट्टीपण बंद, सुट्टी मागितली की पगार कापतात. मैत्रीण मॉलमध्ये आहे गोव्याला, तिला पीएफ आहे, आठवड्याला सुट्टी आहे. आम्हाला काहीच नियम नाही का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण उत्तर मनासारखं नाही. आपल्या राज्याचा दुकानांचा २०१७ चा कायदा चांगला आहे, दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, आठवड्याची एक सुट्टी, ८ किरकोळ रजा, ८ सणाच्या पगारी सुट्ट्या, ओव्हरटाइम डबल, पण हे सगळं आधी जिथे १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथेच होतं. शिवाय २०२५ मध्ये राज्य सरकारने ती मर्यादा २० माणसांवर नेली आणि रोजचे तास ९ चे १० केले. तुमच्यासारख्या चार जणींच्या दुकानाला यातलं काही मिळत नाही, पीएफही २० माणसांपासून सुरू होतो. कोकणातल्या बाजारपेठांत बहुतेक दुकानं अशीच आहेत, त्यामुळे ज्यांना गरज जास्त त्याच बायका कायद्याच्या बाहेर राहतात आणि हे मला अजिबात पटत नाही.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी आपण होऊन दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना ती मिळाली, आणि त्या गिरण्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली किती माणसं होती. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले ते १९४६ मध्ये, तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लेबर मेंबर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्या मंडणगड तालुक्यातलं. एवढ्या वर्षांनी कणकवलीत एखादी बाई आठवड्याला ७० तास उभी राहते हे बरोबर नाहीच.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. किमान वेतन दुकानात एकच माणूस असला तरी लागू असतं. सुट्टी बंद असते त्या महिन्याचे ३० दिवस रोज १० तास म्हणजे ३०० तास, ९ हजार भागिले ३००, तासाला फक्त ३० रुपये. जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जाऊन दुकानांसाठीचा आत्ताचा किमान वेतनाचा दर लिहून घ्या, दुकानाचं नाव सांगायची गरज नाही, नुसता दर विचारायचा.

मग चौघींनी मिळून बोला, एकटीने नको. आणि मागताना दुकानाचा धंदा कसा चालतो ते धरून मागा. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस मालकाला तुम्ही हव्याच आहात, ते तुम्ही कुरकुर न करता पूर्ण करता. पण चतुर्थी बसली की दुकानात गिऱ्हाईक नसतं, सगळी कणकवली घराघरांत असते. त्या पंधरा दिवसांत ज्या दोन साप्ताहिक सुट्ट्या बुडतात त्या चतुर्थीला आणि दुसऱ्या दिवशी पगारी द्या, एवढंच आधी मागा, त्यात मालकाचं काहीच जात नाही. ते मिळालं की लग्नसराईचं, मग दराचं. शिमग्याच्या सुमाराला दुकान शांत असतं, तेव्हाच विषय काढा, गणपतीच्या तोंडावर काढलात तर अडवणूक वाटेल. बोलणं झालं की काय ठरलं ते मला नक्की कळवा.