सही तुझीच असू दे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

ग्रामपंचायतीची आपल्या वॉर्डातली महिला राखीव जागा तू लढव, बाकी सगळं काका बघून घेतील, असं घरात ठरलंय म्हणतेस. उभी राहा. पण ते ‘बाकी सगळं’ म्हणजेच पद, हे आधी समजून घे.

आपला खानदेश इंग्रजांच्या काळात मुंबई प्रांतात. १९२१ साली या प्रांतात बायकांना पुरुषांच्याच अटींवर मताचा हक्क मिळाला. अटी शेतसाऱ्याच्या, मिळकतीच्या. आणि शेत कुणाच्या नावावर? कापूस वेचणाऱ्या बाईच्या तर नक्कीच नाही. १९३५च्या कायद्याने मिळकतदाराच्या बायकोलाही मत दिलं, पण तेही नवऱ्याच्या मिळकतीवर. ही अट सुटली ती राज्यघटनेने. त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना, मुख्यतः उत्तरेकडे, लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घेतल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. निर्णय कठोर होता. मला तो आजही बरोबर वाटतो.

आपल्याकडच्या बाया मत द्यायला मागे नाहीत. मी इलेक्शन ड्यूटीवर असताना एक आजी सकाळी सातलाच रांगेत होत्या, मजुरी बुडू नये म्हणून. केळीच्या चिकाने त्यांची बोटं अशी काळी पडलेली की शाई लावली तरी दिसेना. कर्मचाऱ्याने पुसून पुन्हा लावली, तोवर आजी तिथून हलल्या नाहीत.

जळगावातून १९६२ साली प्रतिभाताई पाटील आमदार झाल्या, पुढे राष्ट्रपती. २०२४ला खानदेशातल्या लोकसभेच्या चारपैकी तीन जागांवर बाया निवडून आल्या: जळगावला स्मिता वाघ, रावेरला रक्षा खडसे, धुळ्याला शोभा बच्छाव. ग्रामपंचायतीत तर २०११पासून निम्म्या जागा आपल्या. तरीही कितीतरी गावांत सभेला नवरा बसतो आणि सभेच्या ठरावांचं प्रोसिडिंग बुक सहीसाठी घरी येतं, चुलीपाशी. याचा मला मनापासून राग येतो. अर्ध्या स्वयंपाकात, पीठभरल्या हाताने केलेल्या सहीखाली काय ठराव आहे, हे त्या बाईला कुणी सांगत नाही. उद्या खर्चात घोळ निघाला तर नोटीस मात्र तिच्याच नावाने येते.

म्हणून काकांना आत्ताच, अर्ज भरण्याआधी, नीट सांग: तुमचा सल्ला घेईन, सभेला मी बसेन. ते रागावतील. रागावू देत. मासिक सभेचा अजेंडा आला की वाच, न वाचता सही नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदावर उरकू देऊ नकोस. वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेवलीस तर कोणी येणार नाही, संध्याकाळी ठेव.

आणि एक, निवडणुकीबाहेरचं. २००५पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. लग्न ठरलं की हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो, भावाच्या प्रेमाच्या नावाने. त्यावर तर मुळीच घाईने सही करू नकोस.

गेल्या वर्षभराच्या ठरावांच्या नकला मागून घे आणि रविवारी घेऊन ये. दोघी मिळून वाचू.

तुझ्या,
बाई