लिनक्स टाकल्यावर वायफाय दिसत नाही, ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?

ड्रायव्हर डाउनलोड करायचाच नाही. तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंट टाकलं, वायफायचा पर्यायच येत नाही आणि व्हिडिओत एकजण गिटहब या कोडच्या साइटवरून ड्रायव्हर आणून कंपाइल करायला सांगतोय. तो व्हिडिओ बंद करा. ड्रायव्हर शोधत फिरायची सवय विंडोजची, इथे बहुतेक सगळे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येतात. जे राहतं ते फर्मवेअर. ड्रायव्हर तुमच्या सीपीयूवर चालतो, फर्मवेअर वायफाय कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालतं, आणि स्वतंत्र फ्लॅश चिपचा खर्च नको म्हणून बऱ्याच कार्डांत ते साठवलेलंच नसतं, दर वेळी चालू होताना ड्रायव्हर कर्नलकडे फाइल मागतो, कर्नल ती लिब फर्मवेअर फोल्डरात शोधतो आणि मिळाली की कार्डात भरतो. नाही मिळाली तर कार्ड मुकं. डीमेस्गमध्ये, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये, 'फेल्ड विथ एरर -२' दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की फाइल जागेवर नाही. कार्ड बिघडलेलं नाही, लिनक्सही बिघडलेलं नाही.

हे मी एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण एका फाइलपायी एक अख्खी शाळा हातची गेलेली मी पाहिलीय.

२०१६ ची गोष्ट. माण तालुक्यात माझ्या मामाच्या गावच्या शाळेला कोणीतरी पाच लॅपटॉप देणगी दिले, मामा म्हणाला तू कंप्युटरवाला, ये आणि बसवून दे. मी ज्याच्याकडून लिनक्स शिकलो तो कॉलेजातला सीनियर, त्याला मी आजही दादाच म्हणतो, त्याने बजावलं की डेबियन या लिनक्सची अधिकृत डिस्कच वापरायची, फर्मवेअर घातलेली अनधिकृत इमेज वेगळी मिळायची तिला हात लावायचा नाही, शाळेत बंद कोड (ज्याचा सोर्स कोणाला बघता-बदलता येत नाही असा) नेणं म्हणजे पोरांना चुकीचं वळण लावणं. मी ऐकलं. डेबियन ८ टाकायला घेतलं, कार्ड इंटेलचं ७२६०, इन्स्टॉलरने साफ सांगितलं की अमुक फाइल पाहिजे, पेनड्राइव्हवर असेल तर द्या. नव्हती. लॅपटॉप पातळ, लॅनचं पोर्ट नाही. बाहेर सातवीची पोरं चपला काढून रांगेत उभी, विज्ञानाच्या बाई दर दहा मिनिटांनी येऊन विचारायच्या, "सर, नेट आलं का?" दादाला फोन लावला तर म्हणाला यूएसबी-लॅन अडॅप्टर घे. दहिवडीला जाऊन तीन दुकानं पालथी घातली, नाही मिळाला. वायफाय न लागताच मी परतलो, आणि पंधरा दिवसांनी मामाचा फोन, शाळेने कोणाकडून तरी क्रॅक विंडोज टाकून घेतलं.

म्हणजे बंद कोड नको म्हणून चोरीचा बंद कोड आला. दादाला हे मी कितीदा सांगितलं! ज्या कार्डाचं फर्मवेअर कारखान्यातच चिपमध्ये भरलेलं असतं ते त्याला चालतं, तेच फाइल म्हणून डिस्कवर आलं की बाटलं. हे सोवळं मला तेव्हाही पटलं नव्हतं. तो म्हणायचा अथेरॉस कंपनीची जुनी कार्डं घ्या, एटीएच-९-के ड्रायव्हरला फर्मवेअरची फाइल लागत नाही. बरोबर आहे, पण ती कार्डं वायफाय ४ या जुन्या पिढीवरच थांबली, पुढच्या पिढीच्या एटीएच-१०-केला फाइल लागतेच. आणि देणगीतल्या लॅपटॉपचं कार्ड शाळेने बदलायचं कुठून? २०२२ मध्ये डेबियनच्या डेव्हलपरांनी मतदान करून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, २०२३ च्या डेबियन १२ पासून ते येतं. त्या दिवशी मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "मतदानाने तत्त्व बदलत नाही." माझ्या डोळ्यांपुढे ती चपलांची रांग होती.

असो, तुमचं. अँड्रॉइड फोन केबलने लावा, यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला मिळेल, त्याला कुठलंच फर्मवेअर लागत नाही, लगेच नेट येतं (हे मला त्या दिवशी ठाऊक असतं तर!). मग लिनक्स-फर्मवेअर पॅकेज आणि कर्नल दोन्ही अपडेट करून रीस्टार्ट. नवा लॅपटॉप आणि जुना कर्नल ही जोडी बऱ्याचदा नडते, कारण चिपचा ड्रायव्हरच त्या कर्नलनंतर आलेला असतो.

काही अपवाद आहेत. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचं फर्मवेअर वाटायची परवानगी नाही, ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावं लागतं, त्यासाठी बी४३-एफडब्ल्यूकटर हे साधन आहे. काही रिअलटेक चिपांना खरंच बाहेरचा ड्रायव्हर लागतो, मग तो डीकेएमएस या साधनाने टाका म्हणजे कर्नल बदलला की आपोआप पुन्हा बांधला जाईल, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर डिजिटल सही करावी लागेल. आरएफकिल ही वायरलेस बंद आहे का ते दाखवणारी कमांडही बघून घ्या, कधीकधी नुसतं बटण बंद असतं. आणि दादाचं एक मला मान्य आहे, बंद फर्मवेअरमधली चूक आपण दुरुस्त करू शकत नाही, २०१७ मध्ये वायफाय चिपांच्या फर्मवेअरमधूनच फोनमध्ये शिरता येतं हे सिद्ध झालं होतं. म्हणून तर अपडेट करत राहायचं.

व्हिडिओ बघून मेक इन्स्टॉल, म्हणजे कंपाइल केलेला ड्रायव्हर बसवायची कमांड, आधीच चालवलं असेल तर ते काढून टाका, नाहीतर दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर भांडत बसतील. डीमेस्गमधली फर्मवेअरची ओळ आणि एलएसपीसीआय ही कमांड दाखवते ते चिपचं नाव इथे खाली टाका, मी बघतो.